एकोणिसावी जागा

३ जून

तीर्थरूप बाबांना साष्टांग नमस्कार.

सोबत जाहिरातीचं कात्रण आहे. पीएच.डी. झालेल्यांसाठी विद्यापीठाने संशोधनाच्या एकदम एकतीस जागा काढल्या आहेत, गणितापासून जुन्या नकाशांपर्यंत. सातवी नकाशांची. माझ्या खोलीतल्या मैत्रिणीने सहा वर्षं त्यातच डोळे फोडले. अट काय, तर याच विभागाच्या नकाशाघरात दोन वर्षं काम केलेलं हवं! तिथं आजवर एकच माणूस बसला आहे, विभागप्रमुखांचा लाडका. मग जाहिरात कशाला? त्याच्या घरीच पत्र टाकायचं! मी कुलसचिवांकडे तक्रार दिली आहे. बावीस जणांच्या सह्या आहेत.

माझी जागा एकोणिसावी, गोगलगायींची. मुलाखत वीस तारखेला. कोट शिवून झाला का? आईला सांगा, वेळेवर जेवते.

राग जगावर आहे, लोभ घरावरच.
तुमची मुलगी

९ जून

चि. पोरीस अनेक आशीर्वाद.

कोट तयार आहे. खांदे उतरते ठेवलेत, तुझे तसेच आहेत. आई म्हणते, साहेबांशी भांडताना आवाज खाली ठेव. मी तिला म्हटलं, तो तुझ्याकडूनच आलाय.

कात्रण चष्मा लावून दोनदा वाचलं, अडलं ते शेजारच्या मास्तरांना विचारलं. नकाशांचं तू म्हणतेस ते खरं. पण एकोणिसावी नीट वाचलीस का? खाडीतल्या गोगलगायी, शंख घासून वय काढायची पद्धत, वर तीन वर्षं चिखलात काम. चाळीस वर्षं कात्री चालवतोय, कापड कुणाच्या मापाने कापलंय ते मला बघून कळतं. हे तुझं माप आहे, बाळ. तू सांगून कापून घेतलंस असं म्हणत नाही. नोकरी तुला मिळावी असं मलाही फार वाटतं, म्हणून तर हे लिहायला चार दिवस लागले.

रागावलीस तरी उत्तर पाठव.
तुझा बाबा

१५ जून

तीर्थरूप बाबांना साष्टांग नमस्कार.

रागावले. दोन दिवस तुमच्यावरच. मग माझ्या मार्गदर्शक बाईंना जाऊन विचारलं. त्या हसत म्हणाल्या, अट तुझा प्रबंध समोर ठेवूनच लिहिली, इतकी राबलीस, तुला वाऱ्यावर सोडू का? बाबा, त्यांचा माझ्यावर जीव आहे, याचीच जास्त चीड येते. विभागप्रमुखही हेच म्हणत असणार! आणि अट पहिल्यांदा वाचली तेव्हा मला वाटलं होतं, माझ्या कामाची अखेर कुणाला तरी कदर आहे.

बाहेर बाकावर एक ताई बसल्या होत्या. नदीतल्या शिंपल्यांवर आठ वर्षं काम केलेल्या. एकोणिसावीसाठीचा त्यांचा अर्ज का नाकारला ते विचारायला आल्या होत्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, तुमचंही नाही का झालं?

मी अर्ज मागे घेतला. तक्रारीत सातवीच्या वर एकोणिसावी लिहिली. मैत्रीण म्हणाली, डोकं फिरलंय तुझं, आणि मग माझ्या शेजारीच सही केली. बावीसांपैकी नऊ जणांनी मात्र सह्या काढून घेतल्या. त्यांनीही आपापली जागा पुन्हा वाचली असावी. बाई माझ्याशी बोलत नाहीत.

मुलगी घरी रिकाम्या हातांनी आली तरी लोभ कमी करू नका.
तुमची गोगलगाय

ता. क. कोट पाठवाच. वीस तारखेला कुलसचिवांनी मला जबाबासाठी बोलावलं आहे. खांदे मात्र थोडे वर घ्या.