इंजिनाचं पोट साफ

रविवार, १४ सप्टेंबर
आजपासून संकल्प. गाडीचं इंजिन आतून साफ करणार. क्लीनरची एक बाटली पेट्रोलमध्ये, एक ऑइलमध्ये. पोट साफ तर सगळं साफ, मग इंजिन का नाही? साडूने, म्हणजे दिनेशने, इलेक्ट्रिक गाडी बुक केलीय. फोनवर विचारतो, दादा, तुमचं धुराडं अजून चालू आहे का? हलकट.

मंगळवार, १६ सप्टेंबर
दोन्ही बाटल्या ओतल्या. निळसर धूर. घाण बाहेर पडतेय! समोरच्या वत्सलाबाई वाळत घातलेली चादर घेऊन भांडायला आल्या. काळी झाली म्हणे. मी म्हटलं, अठरा वर्षांची घाण निघतेय, अभिमान बाळगा. बाईला कशाची कदर नाही.

शनिवार, २० सप्टेंबर
धूर वाढला. म्हणजे डोस कमी पडतोय. दुप्पट केला. केरू मेकॅनिक म्हणाला, काका, बाटल्या सोडा, ऑइल बदला. जन्मभर नाशिक रोडच्या प्रेसमध्ये मशीनवर होतो मी, आणि हा मला शिकवणार. त्याच्या गॅरेजची पायरी पुन्हा चढायची नाही.

गुरुवार, २ ऑक्टोबर, दसरा
गाडीला झेंडूचा हार घातला. मंजुषाने मुहूर्त साधून बजावलं. पुढच्या रविवारी तिच्या बहिणीबरोबर आणि दिनेशबरोबर वणीला जायचं. आपली गाडी स्वतःच्या चाकांवर पोचली तर राहील, नाहीतर भंगारात. आणि घरात आणखी एक बाटली दिसली तर बाटलीसकट मी बाहेर. बायको आहे की आरटीओ? हो म्हटलं. मनात म्हटलं, बघाच आता.

सोमवार, ६ ऑक्टोबर
नवी बाटली आणली. जालीम. पाण्यासारखी दिसते. लपवायची कुठे? देवघराखालच्या कपाटात मंजुषाची गंगेची बाटली असते. तसल्याच रिकाम्या बाटलीत ओतून शेजारी उभी केली. रामकुंडावरून आणलेलं पाणी कोण हुंगून बघतंय! दिनेशला सात जन्मांत सुचलं नसतं.

रविवार, १२ ऑक्टोबर, सकाळी
दिनेशची गाडी आवाज न करता चोरासारखी दारात आली. मंजुषाने ओवाळलं, नारळ फोडला, बॉनेटवर गंगा शिंपडली. दिनेश छाती फुगवून म्हणाला, नव्या गाडीचा वास काही औरच. मी घाईघाईत कपाटात उरलेली बाटली उचलली आणि टाकीत अख्खी रिकामी केली. आज तो माझ्या मागे.

तोच दिवस, दिंडोरीच्या अलीकडे
बंद पडली. दिनेश खालीसुद्धा उतरला नाही. काच खाली करून म्हणाला, दादा, दोरी देऊ? मंजुषा त्याच्या एसीत बसून वणीला गेली. जाताना मला एक केळं दिलं. पेट्रोलपंपवाल्याने भेसळ केलीय. सोडणार नाही त्याला.

मंगळवार, १४ ऑक्टोबर
शेवटी केरूकडेच. त्याने टाकी उतरवली. पाणीच पाणी. मी पंपवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होतो, तेवढ्यात केरूने पाण्यातून तुळशीचं पान काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. इतका उर्मट माणूस मी पाहिला नाही.

रविवार, १९ ऑक्टोबर
मंजुषा शब्दाला पक्की. भंगारवाला आला. केरूने टाकी धुतली होती आणि मला न विचारता ऑइल बदललं होतं, एवढंच. दिनेशचा फोन होता, बॉनेटवर पांढरे डाग पडलेत, आणि मंजुषा म्हणते, गंगेने कसे पडतील? मी म्हटलं, नव्या गाड्यांचा रंगच कच्चा.
भंगारवाल्याने चावी फिरवली. पहिल्या झटक्यात सुरू. वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिलो. डोळ्यांत पाणी आलं. मंजुषाने विचारलं, तर सांगितलं, धुरामुळे.
धूर नव्हताच.