नवऱ्याले आणायले गेली त्याची हकीकत

बल्लारपूर,
संक्रांतीनंतरचा सोमवार, १९५५

वरोऱ्याच्या माह्या मोठ्या बहिणीच्या, मनकर्णाबाईच्या पायावर लहान गुणाचं डोकं. बाई, तुहा गुडघा कसा हाय? भाऊजीचा खोकला गेला का अजून साऱ्या आळीले जागवते? आमचं सारं बरं हाय. पत्र गावाहून न येता बल्लारपुराहून काऊन आलं म्हणून घाबरू नको. (आधी बसून घे, मंग वाच.)

तुले ठाऊकच हाय, धानाचा रोवणा झाला अन् आमच्या घरचे इथी कागदाच्या गिरणीत कामाले आले. दसऱ्याले परत येतो म्हणाले होते. ते काही एकटे नाई गेले. गावात धडधाकट म्हणून जो होता तो गेला. पोळ्याले बैल तोरणाखाली बायकायनं धरले. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत दंडारीचं नाटक झालं नाई, कारण नाटकातला राजा गिरणीत, राक्षस कोळशाच्या खाणीत, अन् लुगडं नेसून राणी होणारा कोलू टेशनावर हमाल. (राणी म्हणून तो माह्यापेक्षा बरा दिसे, हे खरं.) दसरा गेला, दिवाळी गेली, घरचे काही आले नाई. धान कापून घरात पडलं तशी मी सासूबाईले म्हटलं, "मी जाते अन् त्यायले घेऊनच येते." त्या म्हणाल्या, "जाय, पण तिकडंच बसू नको. गोठा मले झेपत नाई."

इथी येऊन पाह्यते तर एकच खोली, अन् त्यात आपल्या गावचे इतके लोक का मले वाटलं पंचायत भरली. झोपायचं पाळीपाळीनं, एक उठला का त्याच्याच गरम जागेवर दुसरा आडवा. सारे सारखेच वाळलेले, सारखेच काळे पडलेले. मी गावच्या पोचूलेच घरचे समजून त्याच्यापुढं डोळ्याले पदर लावला. घरचे मागं उभे राहून पाहून राह्यले होते. चुलीवर खिचडी होती, खालून करपलेली, वरून कच्ची. म्हटलं, उद्या तर जायचंच हाय, आज पोटभर जेवा. भात टाकला, लाखोरीच्या डाळीचं वरण केलं, वांग्याची भाजी, अन् गावाहून आणलेली जवसाची चटणी.

वरणाले फोडणी बसली अन् बाजूच्या खोलीतला तेलुगू माणूस ताट घेऊन दारात उभा. त्याले माही भाषा येत नाई, मले त्याची. तो म्हणाला, "अम्मा." मी भात वाढला. त्याच्यामागं बिहारकडचा बिरजू. तो म्हणे, "भौजी, कल भी बनेगा क्या?" मी म्हटलं, "कल तो मैं जाती." तो कल, बाई, अजून आला नाई.

आता दोन्ही पाळ्यायचे लोक माह्या दारात ओळीनं उभे राहते. पगार झाला का पैसे माह्या हातावर ठेवते. पह्यल्यांदा कोणी ठेवले तवा मी ते घरच्याकडं करायले निघाली होती, अन् मूठ आपोआप मिटली. मलेच नवल वाटलं.

घरच्यायचे मात्र हाल. स्वतःच्या खोलीत बसायले जागा नाई. एक दिवस ओळीत मधातच घुसले तर बिरजू म्हणाला, "लाइन में आओ भैया." अन् मी (कोणत्या तोंडानं सांगू) हसली.

जेवता जेवता म्हणाले, "तू मले न्यायले आली होती ना?"

"हो."

"मंग चाल."

म्हटलं, "उद्याची डाळ भिजवून ठेवली हाय."

"बैल काय म्हणत असतील?"

"बैलायले तुमची आठवण येते, माही नाई."

दुसऱ्या दिवशी ते एकटेच गावाले निघून गेले. त्यायले गाडीत बसवून आली तवा खोली माणसायनं भरली होती, पण मले रिकामी दिसली. सवयीनं त्यायचं ताट वाढलं. पोचूनं खाल्लं.

काही दिवसानं सासूबाई मले न्यायले आल्या. दारातूनच ओरडल्या, मंग वरण चाखलं, तिखट कमी हाय म्हणून माह्या हातातली पळी घेतली. ती पळी अजून त्यायच्याच हातात हाय. तेलुगू पोट्टे त्यायले अम्मा म्हणते, त्या त्यायले आपल्या बोलीत शिव्या देते, अन् दोघायलेबी एकमेकाचं सारं समजते.

तर असं हाय. लेकरायचा मुका घे, भाऊजीले नमस्कार सांग.

तुही गुणा

ता. क. माहेरचा मोठा पितळी गंज तुह्याकडं नुसता पडून हाय. पाठवून दे. इथी भाताले लहान भांडी पुरत नाई.

ता. क. गंजासाठी एवढं पत्र नाई लिहिलं. भाऊजी मार्कंड्याच्या जत्रेले जातील तवा आमच्या गावावरून जावं. त्यायले सांगावं, इथी वस्तीत पाण्याचे हाल हाय. बैलगाडीवर पिपं ठेवून पाणी आणणारा कोणी आला तर लोक त्याले डोक्यावर घेतील. बैलबी संगच राहतील. मी सांगतलं असं सांगू नये. मले करमत नाई, हे तर बिलकुल नाई.

ता. क. पत्र टपालात टाकायले निघाली तर दारात घुंगरं वाजली. घरचे, दोन बैल अन् गाडी. घर शेजारच्या बुधूच्या भरोशावर टाकून आम्हा सासूसुनेले न्यायले आले म्हणे. मी म्हटलं, "बरं, जेवून निघू." बैल सोडले हाय. गंज मात्र पाठवच.