ताईची झोपाळू ग्रंथी

ता. ६ एप्रिल

चि. डासोबा यास ताईचे पुष्कळ आशीर्वाद.

लोकांचं रक्त काढून पोट भरणाऱ्याला दुसरं काय म्हणायचं? तुझं पत्र पोचलं, पण उत्तर लिहायला बसायचाही कंटाळा येत होता. इकडे सगळे उकडतंय म्हणून खिडक्या उघडतात आणि मी स्वेटर घालून बसते. अंग जड, डोकं मंद, कंगव्यात मूठभर केस. आवाज असा घोगरा झालाय की हे म्हणतात, फोनवर तू नाही, तुझे काका बोलतायत असं वाटतं.

शिवणाच्या कारखान्यात मात्र हसण्यासारखं नाही. परवा मी एका कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्या बेतल्या. इतकी वर्षं कात्री चालवते, असं कधी झालं नव्हतं. मालकीणबाई ओरडल्या नाहीत, तेच जास्त लागलं. महिनाअखेरपर्यंत बघू म्हणाल्या, नाहीतर कटिंगच्या टेबलावर दुसरं कोणी उभं राहील, तुम्ही काजं-बटणं करा. घरी येऊन रडले. खरंच आळशी झालेय का रे मी? वय झालं म्हणावं, तर अजून पंचेचाळिशीही गाठलेली नाही.

उन्हात टोपी घाल, तुझ्या डोक्यावर आता दुसरं काही उरलेलं नाही. मायेत खंड पडू देऊ नकोस.

तुझी ताई

ता. ११ एप्रिल

ती. ताईस सा. न. वि. वि.

डास म्हण, ढेकूण म्हण, पण या वेळी ऐक. तू लिहिलंयस ते सगळं एकत्र वाचलं की मला आळस दिसत नाही, थायरॉइड दिसते. गळ्यात पुढच्या बाजूला ही छोटी ग्रंथी असते. ती रक्तात हार्मोन सोडते आणि त्यावर सगळ्या शरीराचा वेग ठरतो. तिच्यावर मुकादम म्हणजे मेंदूखालची पिट्युटरी. थायरॉइड पेंगायला लागली की मुकादम ओरडतो, त्या ओरडण्याला टीएसएच म्हणतात. रक्तात टीएसएच वाढलेला दिसला की समजायचं, खाली कामगार झोपलाय.

तेव्हा डॉक्टरीणबाईंना भेट आणि रक्त दे. तुमच्याकडचे नमुने तपासायला आमच्याच प्रयोगशाळेत येतात, तुझी नळी मी स्वतः यंत्रात ठेवीन. सुई बघून पळू नकोस, लहानपणी खुर्चीसकट पळाली होतीस.

भावोजींना नमस्कार. त्यांना म्हणावं, काकांशी जरा गोड बोला. आशीर्वादाचा हात डोक्यावर असू दे, टोपी मी घालीनच.

तुझा भाऊ

ता. २० एप्रिल

चि. डासोबास आशीर्वाद.

तुझ्या यंत्राला चष्मा लावून घे. रिपोर्ट आला. टीएसएच अगदी कमी, हार्मोन जास्त. म्हणजे माझी ग्रंथी झोपलेली नाही, धावतेय म्हणे! जिना चढताना मधे दोनदा बसणारी बाई धावतेय! डॉक्टरीणबाईंनाही कोडं पडलंय. पुढच्या आठवड्यात परत बोलावलंय, तेव्हा वेग कमी करायची गोळी द्यायची का ते ठरवतील. आधीच मी गोगलगाय.

मालकीणबाईंनी नव्या कटरला बोलावून ठेवलंय. तू आजार म्हणालास तेव्हा मला आनंद झाला होता, हे सांगायलाही लाज वाटते. आता तोही आधार गेला. राहिला आळस.

केसांचं मात्र मी मनावर घेतलंय. जाहिरातीतल्या बाईचे कमरेपर्यंत आलेत, त्या बायोटिनच्या गोळ्या महिनाभर घेतेय. रोज एक घ्या लिहिलंय, मी तीन घेते. तुझ्यासारखी गत व्हायला नको. रागावू नकोस, आठवण ठेव.

ताई

ता. २४ एप्रिल

ती. ताईस सा. न.

आधी त्या केसांच्या गोळ्या बंद कर, मग पुढचं वाच.

यंत्राला चष्मा नको, तुझ्या गोळ्यांनीच आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्टी बांधली. आमच्याकडच्या थायरॉइडच्या चाचणीत जी रसायनं असतात, त्यांची पकड बायोटिनवरच चालते. रक्तात तेच भरमसाट आलं की यंत्र गंडतं आणि टीएसएच खोटाच कमी आणि हार्मोन खोटाच जास्त दाखवतं. डॉक्टरीणबाईंना आजच्या आज सांग. गोळ्या थांबवून, त्या सांगतील तितके दिवस जाऊ देऊन पुन्हा रक्त दे. केसही बहुधा त्या ग्रंथीपायीच गळतायत. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तसं झालंय तुझं.

थट्टा करतोय, पण पत्र वाचून मला धडकी भरली होती. उलटं औषध सुरू झालं असतं तर? मला तू हवी आहेस ताई, केस असोत नसोत.

तुझा भाऊ

ता. ३० जून

चि. डासोबास अनेक आशीर्वाद.

दुसऱ्या रिपोर्टात तुझा मुकादम चांगलाच ओरडत होता, हे तुला माहीतच आहे. सकाळी उपाशीपोटी हार्मोनची एवढीशी गोळी घेते. नंतर तासभर चहा नाही, हा मात्र छळ आहे. हे माझ्यासमोर बसून भुरके मारतात.

टेबल गेलं होतं. औषध काही जादू नव्हे, महिनाअखेर कोणासाठी थांबली नाही. मे आणि जून मी काजं केली आणि नवा कटर माझ्या जागी उभा राहिला. या आठवड्यात त्याला एक अवघड कोट जमेना. मी खडू घेतला, बेतला, कापला. मालकीणबाई बघत होत्या. उद्यापासून कोट तुमच्याकडे, म्हणाल्या.

घरी आले आणि आरशासमोर उभी राहिले. वर्षभर रोज सकाळी त्या बाईला मी ऐदी, कामचुकार, नाही नाही ते बोलले होते. ती बिचारी आजारी असून रोज उठून कामाला जात होती. मी तिची माफी मागितली. मोठ्यानं. हे बाहेरून विचारत होते, कोणाशी बोलतेस? हसायचं तर हस.

तुला आणि तुझ्या सुईला उदंड आयुष्य.

तुझी, आळशी नसलेली,
ताई