वर्ध्यातले बोंबील

४ जानेवारी, शनिवार

आज लायब्ररीत भाव खाल्ला! महिन्याच्या पहिल्या शनिवारी आमच्याकडे शिफारस असते. नुकतीच वाचलेली कादंबरी हातात घेऊन उभं राहायचं आणि बाकीच्यांना ती वाचायला लावायची. शेवट फोडायचा नाही, पण मनात राहून गेलेला एक प्रसंग मात्र सांगायचाच — हा आमच्या लालबागच्या लायब्ररीचा जुना शिरस्ता. आज पाळी माझी. ‘वांदिल्यांची विहीर’ सांगितली. वर्ध्याकडचा विहिरी खणणारा बाप, त्याच्याशी भांडून गेलेला मुलगा. प्रसंग सांगितला तो मुलगा एका दुपारी अचानक घरी येतो त्याचा. बाप नुसतं म्हणतो, “दार लोटलेलंच होतं.” आई बोंबील तळते. तो जेवतो. बस, एवढंच. प्रभादेवीहून येते ती किर्ती चक्क डोळे पुसत होती. पुस्तक तिनेच नेलं.

हे पुस्तक मी ‘वाचलं’ असंच सांगितलं. दिवाळीच्या आधी डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन झालं, वाचायला सक्त मनाई — संध्याकाळी दिवाबत्ती झाली की हे मोठ्याने वाचून दाखवतात. आता ह्यांच्या तोंडून ऐकलं काय आणि स्वतः वाचलं काय, कादंबरी तीच ना? पण हेमचंद्र सरांना कोण सांगणार! निवृत्त मास्तर, लगेच म्हणतील, ऐकलेलं ते वाचलेलं नव्हे.

ही रोजनिशी तरी मी कशी लिहिते? जाड स्केचपेन, दोन-दोन ओळी सोडून. लिहिलेलं दिसत नाही, हात आपला जातो.

९ जानेवारी

हे डेपोत मेकॅनिक होते. आयुष्यात पेपरापलीकडे काही वाचलं नाही. आणि आता बघा — आवाज चढवतात, उतरवतात, मध्येच थांबून चष्मा पुसतात. काल तर एवढे थांबले की मी म्हटलं, पान चिकटलं का?

१८ जानेवारी, शनिवार

काहीतरी घोळ आहे.

किर्तीने पुस्तक परत आणलं. म्हणाली, आवडलं हो गुणवंतीताई, पण तुम्ही सांगितलेला प्रसंग काही सापडला नाही. मी म्हटलं, नीट बघ, मधेच आहे. तर म्हणते दोनदा चाळलं. तो मुलगा एकदा गेला तो परत येतच नाही म्हणे!

मी म्हटलं, आवृत्ती वेगळी असेल. सगळे हसले. आमच्याकडे त्या पुस्तकाची एकच प्रत आहे. तीच मी आणली होती, तीच तिने नेली.

हेमचंद्र सर म्हणाले, “आणि बाई, वर्ध्यात ओले बोंबील?” आजकाल बर्फात घालून सगळीकडे सगळं पोचतं, असं मी म्हणाले खरी. घरी येताना मात्र माझ्याच बोलण्याचं मला हसू आलं.

१९ जानेवारी

पुस्तक परत घरी आणलं. ह्यांना म्हटलं, तो मुलगा येतो तेवढंच वाचा हो परत. कशाला, म्हणाले. मी म्हटलं, आवडलं म्हणून. लायब्ररीतलं काही सांगितलं नाही. माझी फजिती ह्यांना कशाला?

पानं उलटली, वाचलं. आहे! सगळं आहे, दार, बोंबील, सगळं. मग किर्ती काय डोळे मिटून वाचते?

पण एक गोष्ट. मला दुपार आठवत होती. ऊन, विहिरीवरचा दोर वगैरे. आज वाचलं त्यात संध्याकाळ होती.

२० जानेवारी

माईलाही सुरुवात अशीच झाली होती. माझी थोरली बहीण. आधी दुपारची संध्याकाळ झाली, मग चहात साखरेऐवजी मीठ, मग एक दिवस मला म्हणाली, तुम्ही कुणाकडच्या?

नको तो विचार.

१ फेब्रुवारी, शनिवार

शिफारस पुन्हा मीच मागून घेतली. सिद्ध करायचं होतं, दुसरं काय. ‘उन्हातलं कपाट’. सोलापूरचं कुटुंब, वडील खुर्च्या विणणारे, मुलगी नाटकात काम करायला पळून जाते. प्रसंग सांगितला — मुलगी रात्रीच्या गाडीने येते, दार नुसतं लोटलेलं असतं, आणि वडील तिला स्वतःच्या हाताने जेवायला वाढतात. भात आणि—

इथे मी गपकन थांबले. कारण माझ्या लक्षात आलं पुढे काय आहे. पण सर सोडतात थोडेच! “भात आणि काय, बाई?” बोंबील, म्हटलं. खोटं कसं बोलू? जे वाचलं तेच सांगितलं. हॉलमध्ये एवढा हशा, की खालचा पानवाला बघायला वर आला.

सरांनी पुस्तक तिथल्या तिथे स्वतःच्या नावावर घेतलं. मला तेव्हाच कळलं, आपली काही धडगत नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

नाहीच. सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं, वाईट आवाजात नाही, उलट हळूच, आणि तेच जास्त लागलं. मुलगी परत येत नाही. तिचं कपाट वडील विकून टाकतात. बोंबील सोडाच, पुस्तकात मासाच नाही.

मग आमची ग्रंथपाल दर्शना, माझ्या मुलाच्या वयाची असेल, मला बाजूला घेऊन म्हणाली, काकी, तुम्ही दमलात का? पुढचे काही महिने दुसऱ्यांना बोलू द्या. शिफारशीला तुमचं नाव नको घालू ना?

नको म्हटलं. शाळेत क्लार्क असल्यापासून त्या लायब्ररीची मेंबर आहे मी. तिथे माझ्या शब्दावर लोक पुस्तकं न्यायचे. आज जिना उतरताना कठड्याला धरून रडले. लाज वाटली, पण रडले.

१० फेब्रुवारी

स्वतःची परीक्षा घेते आहे. दुधाचा भाव बरोबर. पावकीपर्यंत पाढे बरोबर. परळपासून भायखळ्यापर्यंतचे बसस्टॉप बरोबर. निमेशचा वाढदिवस बरोबर.

मग कादंबरीच का चुकते? वाचलेलं दिसतं मला समोर. ती बाई पदराला हात पुसते ते सुद्धा दिसतं. मग ते आलं कुठून?

११ फेब्रुवारी

निमेशचं नाव लिहिलंच आहे तर लिहिते. ह्या घरात ते घ्यायचं नाही. ह्यांनी किती खेटे घालून त्याला महानगरपालिकेत चिकटवला होता! पक्की नोकरी. ती सोडून पोरगा गोव्याला हॉटेलात स्वयंपाकी व्हायला निघाला. गणपतीत, भरल्या घरात भांडण. हे म्हणाले, लोकांची भांडी घासायची तर घास, दार उघडं आहे. तो बॅग घेऊन गेला. हे उठले आणि कडी लावली. तो आवाज मला अजून येतो. चार वर्षं झाली.

दिवाळीला त्याचा मेसेज येतो. मी अंगठा पाठवते. आईने मुलाला अंगठा पाठवायचा — जळलं मेलं ते जिणं! पण फोन लावायचा धीर होत नाही. ह्यांना कळलं तर घरात महाभारत, आणि तो उचलणारच नाही ही भीती वेगळीच.

१६ फेब्रुवारी

आज राहवलं नाही. ह्यांना म्हटलं, अहो, मला माईसारखं होतंय. लायब्ररीतली सगळी कथा सांगितली. किर्ती, सर, दर्शना, सगळं. ह्यांनी चहाची बशी खाली ठेवली. मग एकदम गावच्या बोलीत शिरले, जे हे फक्त खूप घाबरल्यावर करतात.

“तुका काय्येक झालेला नाय. तुझा डोक्या ठीक आसा.”

मी म्हटलं, तुम्ही काय डॉक्टर? तर उठून गॅलरीत गेले. संध्याकाळी पुस्तक काढलं नाही. घसा बसलाय म्हणाले. घसा चांगला होता, दुपारी खालच्या पोरांवर ओरडत होते.

मला वाटतं ह्यांनाही कळलंय माझं. सांगवत नाहीये त्यांना.

२४ फेब्रुवारी, सोमवार

डॉक्टरांनी नवीन चष्मा दिला. वाचा म्हणाले, थोडं थोडं. येता येता लायब्ररीत गेले आणि ‘वांदिल्यांची विहीर’ पुन्हा मागितली. दर्शनाने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ना! दे बाई, म्हटलं.

२६ फेब्रुवारी

हे माहीमला मित्राकडे गेले होते. दुपारभर बसून वाचली. डोळा चुरचुरला, पण थांबले नाही.

किर्ती खरं बोलत होती. मुलगा पहिल्या भागात जातो आणि नंतर पुस्तकात नाहीच. दुपारीही नाही, संध्याकाळीही नाही. विहिरीला पाणी लागतं, ते बघायला तो नसतो. आणि बाप रोज रात्री दाराला आतून कडी घालतो. कडी! लोटलेलं वगैरे काही नाही.

आधी सुटल्यासारखं झालं. देवा, डोकं शाबूत आहे माझं! माईसारखं काही नाही. खुर्चीत बसून हसलेच एकटी. मग संताप आला. ह्यांनी मला वेड्यात काढलं सगळ्यांसमोर! येऊ देत घरी, म्हटलं, आज सोडत नाही.

आणि मग ते बोंबील आठवले.

शनिवारी निमेश शाळेतून यायचा, दप्तर फेकायचा आणि विचारायचा, बोंबील आहेत? असतील तरच हात धुवायचा. वर्ध्याचा असो की सोलापूरचा, मुलगा असो की मुलगी — ह्या माणसाने ज्याला म्हणून घरी आणलं, त्याला तेच वाढलं. प्रत्येक दार लोटून ठेवलं. मला वाटायचं पान चिकटलं! चष्मा पुसत नव्हता तो माणूस, डोळे पुसत होता.

हे आले तेव्हा भांडायचं विसरूनच गेले. चहा टाकला. पुस्तक उशीखाली ठेवलं. नवीन चष्मा लागला हेही सांगितलं नाही.

२७ फेब्रुवारी

काय करावं कळत नाही. विचारलं तर हे कधीच वाचणार नाहीत पुन्हा. नाही विचारलं तर किती दिवस असं पुस्तकातूनच पोराला जेवू घालायचं? दोघांपैकी एकजण तरी शहाणं हवं होतं की नाही! दिवसभर सुचलं नाही काही. भातही करपला.

१ मार्च, शनिवार

आज लायब्ररीत शिफारस होती, मी गेले नाही. संध्याकाळी दिवा लावला, उशीखालचं पुस्तक ह्यांच्या हातात दिलं आणि म्हटलं, विहिरीवाली परत वाचा, तो मुलगा येतो ते. आता बरं वाटतंय मला, घाबरू नका. बराच वेळ कुरकुरले, मग चष्मा लावला. मी स्वयंपाकघरात जाऊन निमेशला फोन लावला. त्याने उचलला! “बोलू नको, नुसतं ऐक,” म्हटलं, आणि फोन स्पीकरवर टाकून टेबलावर पेपरखाली ठेवला.

हे वाचत होते. दार लोटलेलंच होतं. मुलगा आत आला. आईने बोंबील धुतले आणि थेट तव्यात टाकले—

तेवढ्यात पेपरखालून आवाज आला, “बाबा, आधी दाबून ठेवायला लागतात ना. पाणी कोण काढणार?”

ह्यांनी मान वर केली नाही. पानावर बोट तसंच. जणू पुढची ओळच वाचतायत अशा आवाजात म्हणाले, “तू ये. तूच काढ.”