खणातला फॉर्म

ता. ४ जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

घरोघर जाऊन मतदार नोंदवण्याची ड्यूटी यंदाही माझ्याच गळ्यात पडली आहे. शाळेला सुट्टी, तरी वह्या बाजूला ठेवून रोज जिने चढत सुटते. वीस दिवसांत पाय आणि डोकं, दोन्ही कामातून गेली. माझ्या भागात साठीपुढचे पुरुष झाडून सगळे यादीत आहेत. अठरा-एकोणीसचे मुलगे त्रेपन्न, आणि त्याच वयाच्या मुली सतरा! वरून देशभराचा तक्ता आला, त्यातही तीच रड. दार बाप उघडतो आणि उत्तरही बापच देतो, की मुलगी आज ना उद्या सासरी जाणार, तिथेच घालतील नाव. ऐकून ऐकून कान किटले.

तुझ्या चिमणीचं नाव मात्र यंदा यायलाच हवं. गेल्या निवडणुकीत पोरगी तासभर रांगेत उभी राहून तशीच परत आली. तू दिलेला फॉर्म कचेरीने हरवला, म्हणून मी त्या कारकुनाला चारचौघांत फैलावर घेतलं होतं. शुक्रवार, बावीस ही शेवटची तारीख आहे. या खेपेला पोच घे.

वहिनीला नमस्कार. रागाने लिहिलं तरी माया आटलेली नाही, हे तू जाणतोसच.

तुझी,
बेबी

ता. ११ जून

चि. बेबीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचताना छडीचा आवाज ऐकू आला. मास्तरीणबाई, आम्ही तुमच्या वर्गात नाही! दुरुस्तीला आलेल्या घड्याळांचा ढीग पडला आहे, मान वर करायला फुरसत नाही. चिमणी दोन वर्षं वसतिगृहात राहून एक्स-रेचं काम शिकते आहे. तिच्या लग्नाचंही बोलणं चाललं आहे. जमलं तर वर्षभरात पत्ता बदलेल. एकाच कामाला दोनदा हेलपाटे कशाला? तिच्या भावाचं नाव अठरा भरताच घातलं, कारण तो कुठे जाणार आहे?

तरी तू म्हणतेस म्हणून तिला पुढच्या आठवड्यात शनिवारी बोलावलं आहे, आली की सही घेतो. उगाच रक्त आटवू नकोस. वहिनी आठवण काढते. आमच्यावर डोळे वटारत राहा, पण विसरू नकोस.

तुझा,
दादा

ता. २५ जून

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

मी आधी वसतिगृहाच्या पत्त्यावर नाव घालायला गेले होते. तिथल्या बाई म्हणाल्या, तुम्ही इथल्या नाही, घरी घाला. घरचे म्हणतात, तू इथे थोड्याच दिवसांची. मग मी राहते तरी कुठे, हे कुणी सांगेल का? बाबांनी शनिवारी ये म्हणून कळवलं, तशी आले, तर मुदत आदल्याच दिवशी संपलेली. बाबा म्हणाले, पुढच्या वेळी बघू.

मग त्यांनीच मला दुकानाच्या खणातून घड्याळाचा पट्टा काढायला सांगितलं. पट्ट्यांच्या खाली माझा फॉर्म होता. माझी सही, माझा फोटो, मला अठरा पूर्ण झाले त्याच आठवड्यातली तारीख. आत्या, कचेरीने तो हरवलाच नव्हता. तो तिथे गेलाच नव्हता! बाबांपुढे धरला तर म्हणाले, त्यात एवढं काय, तू जाणारच होतीस. मग दोन वर्षं आपण कचेरीला शिव्या घातल्या त्याचं काय, असं विचारलं, तेव्हा डोळ्याला भिंग लावून पुढ्यातलं घड्याळ उघडायला लागले. मला रडू आलं आणि त्या रडण्याचाही संताप आला. ते वाईट नाहीत गं. मला बसवर सोडायला येतात, बस हलेपर्यंत उभे राहतात. म्हणूनच जास्त चीड येते.

मतदानाच्या दिवशी मी घरी येणार आहे. नाव नसलं तरी रांगेत बाबांच्या पुढे उभी राहीन. टेबलावरच्या माणसाने नाव का नाही म्हणून विचारलं की मी बाजूला सरकेन. उत्तर बाबांनी द्यायचं आहे.

तोवर तुझी माया पाठीशी असू दे.

तुझी,
चिमणी