आठशे वर्षं न उतरवलेला मांडव

१२ जानेवारी, रविवार
निकिताचा फोन. पोरगा आधीच ठरला होता — यूनास — आज जागाही ठरली. स्वीडनला, ती राहते त्याच शहरातल्या मोठ्या चर्चमध्ये, जूनच्या दुसऱ्या शनिवारी. यूनासचे वडील लेनार्ट त्याच चर्चची देखभाल बघतात, एकतीस वर्षं झाली. म्हणाली, "पप्पा, तुम्ही नुसतं यायचं. काही आणायचं नाही, काही बांधायचं नाही."

काही बांधायचं नाही!

चौतीस वर्षं मांडव बांधतोय. आमच्याच जिल्ह्यातल्या अकोल्याहून नगरला आलो तेव्हा सायकलवरून खुर्च्या वाहिल्या. आज सावेडीत स्वतःची दोन गोडाऊन. अर्ध्या नगरच्या पोरी माझ्या मांडवाखालून सासरी गेल्या. आणि माझी एकुलती एक दुसऱ्याच्या छपराखालून जाणार?

फोनवर म्हणालो, "छान, छान."
सत्यशीला भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "दोनदा छान म्हणालात. म्हणजे आवडलेलं नाही."
बायको आहे की पंच!

१४ जानेवारी
संक्रांत. तिळगूळ घेऊन अकोल्याला आईकडे. तिला सांगितलं. आई — "मांडवाबिगर कुठं लगीन हुतं का रं?" मी खूश. लगेच पुढं — "पर द्येवाच्या घरात व्हतंय ना? मंग तू कशाला त्वांड पाडतो?"
दोन्ही बाजूंनी बोलायची कला मला कुठून आली ते कळलं.

१९ जानेवारी
निकितानं त्या चर्चची माहितीपुस्तिका पाठवली. मोबाईल तिचं मराठी करून देतो, ओबडधोबड, पण समजतं. खरं सांगायचं तर खोट काढायलाच बसलो. दुसऱ्याचा मांडव बघताना मी आधी छत बघतो, मग कोपरे. कोपऱ्यात चोरी सापडते.

इथं सापडेना! आठशे वर्षांपूर्वीचं विटांचं काम. तीनदा आग लागली, तीनदा उभं केलं. आमचा मांडव लग्न लागलं की संध्याकाळी खाली येतो. यांनी आठशे वर्षं उतरवलाच नाही! मधे धर्मातली रीत बदलली तेव्हा भिंतींवरची चित्रं चुन्यानं झाकून टाकली. दोन-अडीचशे वर्षांनी कुणीतरी चुना खरवडला — खाली रंग तसेच. आम्ही डागाळलेल्या कापडावर नवं कापड ताणतो, त्यातलाच प्रकार. फक्त आमच्या खाली डागच निघतात.

आणि बाकांना दारं! प्रत्येक बाकाला छोटं लाकडी दार, कडी. पंगत बसली की लग्न सोडून पळणाऱ्यांसाठी हे नगरला हवं होतं.

सामान आवडलं मला. मनापासून.

२६ जानेवारी, रविवार
झेंडावंदनाचा मांडव उतरवून घरी आलो तोच व्हिडिओ कॉल. लेनार्ट चर्चमधून. उंच, वाकलेला, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. निकिता मधे बसून इकडचं तिकडं करत होती. माणसानं सगळं हिंडून दाखवलं — एका व्यापाऱ्याच्या विधवेनं दिलेली पितळी झुंबरं, बाप्तिस्म्याचं दगडी कुंड, छताला टांगलेलं एक गलबत. लहानसं, लाकडी, पण हुबेहूब, शिडांसकट! खलाशी सुखरूप परतले म्हणून वाहिलेलं. आपण घंटा वाहतो, तसं.

प्रवचनाच्या व्यासपीठावर वाळूची चार घड्याळं एका चौकटीत. प्रवचन किती लांबलं ते सगळ्यांना दिसावं म्हणून! नगरला पुढाऱ्यांच्या आशीर्वादाला बसवतोच मी हे.

मधेच तो माईक लावून बोलला. मी म्हटलं, थांबा. गुणगुण येतेय. बारीक, पण येतेय. निकिता म्हणाली, "पप्पा, मला काही ऐकू येत नाही." म्हटलं, "त्यांना सांग, अर्थिंग बघा."

२ फेब्रुवारी
लेनार्टनं वायर उघडली — अर्थिंग सुटलेलं! सहा वर्षं दोन इंजिनिअर शोधत होते म्हणे. आज अर्धा तास आम्ही दोघंच बोललो. माझं इंग्लिश माझंच, त्याचं त्याचं, तरी अडलं नाही. फरशीवरचं मेण कसं काढायचं, खुर्च्यांचे पाय का मोडतात, शेवटचा पाहुणा का जात नाही. जगात सगळीकडे शेवटचा पाहुणा एकच असतो.

धीर करून विचारलं — आत चारच खांब उभे करू का? एक खिळा मारणार नाही, सगळं काथ्याच्या दोरीवर.
म्हणाला, कमिटीला विचारतो.

९ फेब्रुवारी
नाही म्हणाले. फरशीखाली जुने बिशप पुरलेत, तिच्यावर खांबांचा भार चालत नाही. खरं आहे. मीसुद्धा नाहीच म्हटलं असतं.

१० फेब्रुवारी
वाईट वाटलं. लिहून ठेवतो, म्हणजे संपेल.

१६ फेब्रुवारी
संपलं! कापड बाजारात कोटाचं माप दिलं. शिंपी म्हणाला, "शेठ, पोटाचं माप श्वास सोडून द्या." सत्यशीला इतकी हसली की दुकानातली माणसं हसायला लागली. म्हणाली, "पाहुणे म्हणून जायचंय, तेवढं शिका आता." शिकतो. त्या दाराच्या बाकावर बसायचं, आतून कडी लावायची!

२३ फेब्रुवारी
कॉलवर सहज विचारलं, "व्याहीबुवा, लग्नात तुम्ही कुठल्या बाकावर?"
हसला. "दाराशी." घंटेची दोरी, मेणबत्त्या, ऑर्गनवाल्याला खूण — सगळं त्याच्याकडे. कामावरचा जोडीदार जूनमध्ये रजेवर. म्हणाला, "एकतीस वर्षांत इथलं एकही लग्न मी बसून पाहिलेलं नाही."

माझ्या अगदी ओठांवर आलं — मग नगरला या की! गिळलं. माणूस मन उघडं करतो तेव्हा त्यात आपला सौदा घुसवू नये. इतकी वर्षं धंदा केला तो यावरच.

पण तो बायकोकडे वळून त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाला. त्यात 'नगर' दोनदा आलं. दोनदा! निकिताला विचारलं. "काही नाही हो पप्पा."
माझ्या कानांना काही नाही म्हणते!

२ मार्च
लग्न नगरला!!

निकिता रडतही होती, हसतही होती. त्या दिवशी लेनार्ट म्हणाला होता — "नगरला मला बसता येईल. नगरला किल्ल्या दुसऱ्याकडे असतील." आठवडाभर निकिता, यूनास आणि लेनार्ट, तिघांची चर्चा चालली, मला पत्ता नाही. तुळशीचं लग्न झालं की पहिला मुहूर्त धरायचा. आईला फोन केला. म्हणाली, "म्या काय म्हनलं हुतं!" — कुठलं म्हटलेलं ते सांगितलं नाही.

दिवसभर कागदावर रेघोट्या. विटांच्या रंगाचं कापड, पितळी झुंबरं, मधोमध टांगलेलं गलबत. पहिल्या दोन रांगांना दाराची बाकं — सुताराला फोटो पाठवलासुद्धा. आपल्या पोरीचा मांडव! असा नगरनं पाहिलेला नसेल.

जेवताना सत्यशीलानं विचारलं, "अक्षता पडताना तुम्ही कुठं असाल?"
"जनरेटरपाशी. आणखी कुठं?"
तिनं ताकाचा पेला पुढं सरकवला.

५ मार्च
सकाळी राधाकृष्णच्या ऑफिसात गेलो. धंद्यातला माझा वीस वर्षांचा वैरी. मला दारात पाहून चहा सांगायचंही विसरला. रेघोट्यांचा कागद टेबलावर ठेवला आणि निकिताच्या मांडवाची सुपारी त्याला दिली. मुहूर्तमेढ तेवढी मी आणि लेनार्ट रोवणार. मग आम्ही दोघं बसणार.