झाकणाच्या आतला पतंग

रविवार, ता. ९, सकाळी

प्रिय दादास,

धाकटीचा नमस्कार. आम्ही बरे आहोत, तूही बरा असशील असं धरून चालते. पंचवीस वर्षांनी पत्र लिहिताना आधी काय लिहायचं ते मला ठाऊक नाही, म्हणून घरचंच लिहिते. स्वयंपाकघरातला नळ अजून तसाच गळतो. ह्यांना निवृत्त होऊन वर्ष झालं, तेव्हापासून मला भाजी कशी चिरायची ते शिकवतात. माझा चष्म्याचा नंबर वाढलाय.

पत्ता कुठून मिळाला म्हणशील. तेच सांगायला बसले आहे, पण डोक्यात नुसता गोंधळ आहे. कालपासून तीन कागद फाडले.

बाबांचं मनगटी घड्याळ रोज चार-पाच मिनिटं मागे पडायला लागलं. किल्ली मी नेमाने देते, सकाळी चहाच्या आधी, फार न ताणता, अगदी त्यांच्यासारखी. शेवटी गुरुवारी बाजारातल्या घड्याळजींकडे नेलं. त्यांनी मागचं झाकण उघडलं आणि म्हणाले, "तेल सुकलंय, बाई. चाकं कोरडी फिरतायत. सहा वर्षं सर्व्हिसिंग नाही झालेलं."

"तुम्हाला कसं कळलं?" म्हटलं, तर भिंगच हातात दिलं. कारागीर म्हणे झाकणाच्या आत सुईने आपली खूण आणि तारीख कोरून ठेवतो. सहा तारखा होत्या, तीन-तीन वर्षांच्या अंतराने. आणि प्रत्येक तारखेशेजारी शेपटीवाला पतंग.

दादा, तो पतंग माझ्या कंपासपेटीवर आहे. कपाटाच्या दारावर आहे, त्यापायी तू मार खाल्ला होतास. मी भिंग पुन्हा डोळ्याला लावलं. घड्याळजी आपले कौतुकाने सांगत होते, "पतंगवाला ना? नदीपलीकडे टपाल कचेरीसमोर दुकान आहे त्याचं. हात फार चांगला."

तू कारखान्याची नोकरी सोडून घड्याळं दुरुस्त करायला निघालास, तेव्हा तू उंबऱ्यावर होतास आणि मी दाराआड. "तो मला मेला. ह्या घरातून त्याला कुणी एक ओळ लिहायची नाही," असं बाबा म्हणाले. मी नाही लिहिली. माझ्या लग्नाचीसुद्धा नाही; लग्नानंतर आम्ही दोघं इथेच बाबांजवळ राहिलो, तेव्हाही नाही. आणि बाबा स्वतः तुझ्याकडे येत होते?

दर तीन वर्षांनी एका सोमवारी ते पहिल्या बसने दाताच्या डॉक्टरकडे जायचे. "डबा दोघांचा बांध, वाटेत भूक लागते. आणि तिखट कमी घाल," म्हणायचे. तिखट कमी! ज्यांना प्रत्येक घासाला मिरची लागायची त्यांना! मला वाटायचं, दात दुखत असतील. डबा परत यायचा तो लख्ख घासून. स्वतःचं ताट कधी उचललं नाही त्यांनी, आणि मी समजत होते, म्हातारपणी सुधारले. तोंडाचं बोळकं झाल्यावरही ते दोनदा दाताच्या डॉक्टरकडे गेले, तरी मला शंका आली नाही. इतकी बावळट मीच.

कुणावर चिडू ते कळत नाही. त्यांच्यावर चिडते, तर डबा आठवून रडू येतं. तुझ्यावर चिडते. माझ्या हातचं जेवलास, सहा वेळा, आणि 'भाजी चांगली झाली होती' एवढीही चिठ्ठी डब्यात घातली नाहीस? मग वाटतं, त्यांनीच तुला शपथ घातली असेल. मोडलेला शब्द लपवायला दुसरा शब्द. तेवढं तू मला सांगायला हवंस.

तीन वर्षांपूर्वी ते अंथरुणाला खिळले. रोज विचारायचे, "आज सोमवार का? दाताला जायचंय." मी म्हणायचे, "बाबा, दात आहेत कुठे?" आणि शेजारणींना सांगून हसायचे. ते मनगट माझ्यापुढे धरायचे. मी किती वाजले ते सांगायचे.

आता लिहितेच. बाबा गेले. सात महिने झाले. तुला शोधून कळवायचं का, म्हणून ह्यांनी मला दोनदा विचारलं. मी नको म्हटलं. बाबांचा शब्द राखायचा म्हणून. दादा, तुझी वेळ मी घालवली. त्याची माफी मागायची तर कोणत्या तोंडाने, तेही मला कळत नाही.

घड्याळजी तेल घालायला निघाले होते. मी म्हटलं, "नको, झाकण लावून द्या."

"मग मागेच पडणार ते," म्हणाले.

"पडू दे."

उद्याचा सोडून पुढच्या सोमवारी, सतरा तारखेला, पहिल्या बसने घड्याळ घेऊन येते. मला पाहून दुकान बंद केलंस तरी मी परत जाणार नाही, समोर टपाल कचेरीच्या पायरीवर बसेन.

डबा दोघांचा बांधते. तिखट कमी घालून.

तुझी,
धाकटी